निघताना काय म्हणावे?



आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. पहिल्या नोकरीत मराठी न येणाऱ्या साहेबांना मी तेच इंग्रजीत ऐकवले. 'आय ॲम कमिंग' म्हणालो आणि एस.टी. गाठली. साहेब संध्याकाळपर्यंत माझी वाट पाहत बसले! दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली.

आज तुमची मुलेमुली नोकरीसाठी शहरात जातात, म्हणून सांगतो. 'आय हॅव टू गो' म्हणजे मला जावे लागेल. एस.टी. सुटेल, धारा काढायच्या आहेत, असे बाहेरचे कारण त्यामागे असते. 'आय मस्ट गो' म्हणजे निघालेच पाहिजे. यात आपल्या मनाचा निर्धार. 'आय शुड गो' मवाळ आहे. पाहुणचार घेऊन उठताना शोभते. 'आय हॅड बेटर गो' म्हणजे निघालेले बरे, नाहीतर पंचाईत व्हायची.

वरिष्ठांपुढे मात्र 'मे आय गो नाऊ?' असे विचारावे. नुसते 'आय ॲम लीव्हिंग' म्हटले, तर नोकरीच सोडली असाही अर्थ निघतो!

आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांकडून ही वाक्ये म्हणून घ्या. बरे, येतो!