घर पाहावं वाचून

एक सांगा, आईशी फोनवर बोलताना तुम्ही कुठे उभे राहता? मी गॅलरीत. हॉलमध्ये रूममेट, किचनमध्ये दुसऱ्या रूममेटचा मित्र, बेडरूममध्ये रेंज नाही. त्यामुळे आईला सांगायच्या गोष्टींचे माझे आपोआप दोन भाग झालेत. गॅलरीत सांगता येण्यासारख्या आणि न येण्यासारख्या. दुसऱ्या टाइपच्या गोष्टी दिवाळीपर्यंत वेटिंगवर.

हे सुचलं 'द नेमसेक' वाचताना. झुंपा लाहिरीची २००३ ची कादंबरी. (हो, मीरा नायरचा पिक्चर पाहिलाय. तब्बू, इरफान, सगळं मान्य. तरी पुस्तक वाचाच.) कलकत्त्याहून अमेरिकेत गेलेल्या गांगुली कुटुंबाची ही स्टोरी. आता परदेशी गेलेल्या माणसांची कादंबरी म्हटल्यावर आपण काय एक्स्पेक्ट करतो? बर्फ, एअरपोर्ट, आठवणींचे कढ. लाहिरीबाई थेट किचनमध्ये नेतात. १९६८ चा ऑगस्ट, केंब्रिजमधलं छोटं अपार्टमेंट. दिवस भरत आलेली आशिमा राइस क्रिस्पीज, शेंगदाणे आणि कांदा एकत्र कालवतेय. कलकत्त्याच्या फुटपाथवर मिळतं तसं काहीतरी तिला हवंय. पण मोहरीचं तेल नाही. बास. 'तिला घरची आठवण येत होती' हे वाक्य लिहायची गरजच उरत नाही, ते काम किचन करून टाकतं.

पुढेही तेच. मुलगा गोगोल मोठा होऊन आर्किटेक्ट होतो (उगाच नाही!). मॅक्सीनच्या प्रेमात पडतो, तेव्हा तिच्या आईवडिलांच्या मॅनहॅटनमधल्या घराच्याही प्रेमात पडतो. त्यांचं निवांत जेवण, वाइन, मोकळ्या गप्पा. आपल्या आईवडिलांची लाज वाटते असं तो कुणाला सांगत फिरत नाही, पण तो कोणत्या घरात रमतो ते दिसतं ना आपल्याला. आणि मग वडील जातात. नोकरीसाठी ओहायोत भाड्याने घेतलेला त्यांचा फ्लॅट रिकामा करायला गोगोल एकटा जातो आणि रात्र तिथेच काढतो. बापलेक आयुष्यभर जे बोलले नाहीत, ते त्या परक्या फ्लॅटमध्ये त्याच्या अंगावर येतं. हा सीन गांगुलींच्या स्वतःच्या घरात घडला असता, तर चार नातेवाईक आले असते, चहा झाला असता, आणि गोगोलला एकट्याने रडायला जागा मिळाली नसती.

हे पुस्तक बॅगेत होतं तेव्हाच मी कुंभारीला गेले. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला, दहा-बारा किलोमीटरवर. विडी कामगार बायकांची घरं बघायला. कॉ. गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं मिळाली. शेजारच्या रे नगरचा प्रोजेक्ट तर ३० हजार घरांचा. त्यातली पहिली १५ हजार जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली.

यातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात. त्यांचे आजे-पणजे तेलंगणातून सोलापुरात आले ते विणकर म्हणून. पुरुष मागावर, बायका विडीवर. म्हणजे इमिग्रंट्सची कादंबरी आमच्याकडे, आणि मी ती बॉस्टनमध्ये शोधतेय! (खरं सांगायचं तर मीही एक लिहायला घेतलीय. चाळीस पानं झालीत. तेलंगणातलं गाव, दुष्काळ, बैलगाडी, डोळ्यांत पाणी. जाम टिपिकल.)

तिथे एक मावशी उंबऱ्यात बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, कापलेल्या पानात तंबाखूची चिमूट, बोटांचा एक झटका, दोरा. बघायचं बंद करवत नाही. मी पत्रकारी थाटात विचारलं, "मूळ गावची आठवण येते का मावशी?"

"कुठलं गाव? मी बघितलंय कुठं ते?"

माझी चाळीस पानं तिथेच गेली.

मावशींना आठवते ती सोलापुरातली गल्ली. एक खोली, त्यात माग, मागाखाली झोपणारी मुलं. मागाचा खडखडाट थांबला की एकदम सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू यायचं, म्हणून तो चालू असतानाच काय ते बोलून घ्यायचं. तेलंगणा ते सोलापूर हा प्रवास त्यांच्या आजेसासूचा. त्यांचा स्वतःचा प्रवास म्हणजे ही गल्ली ते कुंभारी, टेम्पोतून, भांड्यांवर बसून.

इथे मी मनात लगेच सॅड म्युझिक लावलं. चुकलंच. मावशी मला आत घेऊन गेल्या आणि बाथरूमचं दार दाखवलं. दार नव्हे, कडी. "ही बघ. कडी लावून आंघोळ. पन्नाशीत पहिल्यांदा." गल्लीत त्या पहाटे चारला उठायच्या, पुरुष जागे व्हायच्या आत उरकायला. पंचवीस-तीस वर्षं रोज. ही गोष्ट त्यांनी गल्लीत असताना कुणाला सांगितली असेल? कुठे उभं राहून? सासू शेजारीच सूप घेऊन बसलेली.

सासूच्या तक्रारीही त्यांनी मला आतल्या खोलीतच सांगितल्या, आवाज बारीक करून. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालीत. (त्या तक्रारी इथे छापणार नाही, दार लावून सांगितलंय.)

निघताना एक विचारायचं राहिलंच होतं. आत एवढी जागा, पंखा, गार फरशी. मग विड्या वळायला उन्हाच्या तोंडावर उंबऱ्यात का बसायचं? मावशी परत आपल्या जागेवर बसल्या, सूप मांडीवर घेतलं.

"आत कुणाशी बोलू?"

समोरच्या उंबऱ्यातलीने तेलुगूत काहीतरी विचारलं, बहुतेक माझ्याबद्दलच. मावशींनी उत्तर दिलं आणि दोघी जोरात हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही.