इतिहास गांवचा कीं जगाचा?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं मुलें शाळेंत जातात त्यांनीं आज दिवेलागणीला मुलाच्या दप्तरांतलें इतिहासाचें पुस्तक हातीं घ्यावें. वाचतां येत नसेल तर पोराकडून वाचवून घ्यावें, त्यांत लाज कसली? आणि ऐकतां ऐकतां एकच पाहावें कीं, ह्यांत आपण कोठें आहों. राजे सांपडतील, लढाया सांपडतील, तहांचीं कलमें सांपडतील. त्या राजांच्या ताटांत ज्यांची ज्वारी पडली आणि ज्यांनीं त्यांच्या घोड्यांना नाल ठोकले, त्यांचा पत्ता एखाद्या चौकटींत लागला तर लागेल.

हा विषय काढण्यास कारण आहे. 2017 सालीं सातवीचें नवें पुस्तक निघालें. त्यांत मोगलांचा भाग आखडला आणि मराठ्यांचा वाढला म्हणून शहरांत मोठा गलबला झाला. त्याच सालीं नववीच्या पुस्तकांतून जगांतल्या क्रांत्या गेल्या आणि त्यांच्या जागीं 1960 नंतरचा भारत आला. त्याबद्दल मात्र आमच्या कानांवर हूं कीं चूं आलें नाहीं. पुढें 2025 सालीं राज्यांतील शाळांना सीबीएसईचा नमुना लावण्याची घोषणा झाली, तेव्हां आतां महाराष्ट्राचा इतिहास उरतो कीं जातो, अशी ओरड पुन्हां सुरू झाली. एक पक्ष म्हणतो, मुलाला आधीं आपलें घर कळूं द्या, फ्रान्सचा राजा मेला काय नि जगला काय! दुसरा म्हणतो, जग कोठल्या कोठें गेलें आणि तुम्ही वेशीच्या आंत बसून पोवाडे काय गातां? दोन्ही पक्षांतील विद्वानांनीं एक दिवस कौंडण्यपुरास यावें, अशी आमची त्यांना विनंति आहे. भाकरी आम्ही घालूं.

तिवसा तालुक्यांत वर्धा नदीच्या कांठीं हें गांव आहे. विदर्भाची पुराणांतली राजधानी ती हीच, भीष्मकाची कन्या रुक्मिणी इथली, असें लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. आषाढीला रुक्मिणीची पालखी येथून पंढरपुरास जाते. ती 1594 पासून चालू असल्याचें परंपरा सांगते. ह्या श्रद्धेला आम्ही बोट लावीत नाहीं. आमच्याच आया-आज्या त्या पालखीबरोबर चालल्या आहेत. परंतु गांवची पांढर त्याहून वेगळें कांहीं सांगते, आणि तें ऐकण्यास कोणी बसत नाहीं. ह्या टेकाडावर मोरेश्वर दीक्षित ह्या संशोधकानें उत्खनन केलें, त्याचा ग्रंथ 1968 सालीं सरकारनें छापला. सातवाहनांच्या काळची वस्ती निघाली, तिच्याहि खालीं त्याहून जुनी वस्ती निघाली, काळ्या-तांबड्या भांड्यांचीं खापरें निघालीं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं आणि त्याच्याहि आधीं येथें कोणी चाक फिरवीत होतें, आवा लावीत होतें, चूल पेटवीत होतें.

आम्ही स्वतः गांवचे मास्तर. आमच्या वर्गांत हा धडा सांगितला तेव्हां कुंभाराची एक पोर उठून म्हणाली, "गुरुजी, राजाचें नांव भीष्मक, मग मडकें ज्यानें केलें त्याचें नांव काय?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. अध्यापक विद्यालयांत आम्हांला पाठाचें टांचण काढण्यास शिकविलें, फळ्यावर तिरपें अक्षर येऊं नये हें शिकविलें. ह्या प्रश्नाला काय म्हणावें तें कोणीं शिकविलें नाहीं. पण त्या दिवसापासून ती पोर इतिहासाच्या तासाला पुढल्या रांगेंत बसते.

ह्याच अमरावती जिल्ह्यांत रिद्धपूर आहे. तेराव्या शतकांत महानुभावांनीं येथें मराठी गद्याचा पाया घातला, आणि तोहि राजाच्या दरबारीं बसून नव्हे. त्यांच्या लीळांतून शेतकरी, कारागीर, बायाबापड्या आपल्या बोलींत बोलतात. आमच्या किती मुलांना हें ठाऊक आहे? तिसरीच्या मुलांसाठीं जिल्ह्याजिल्ह्याचें वेगळें पुस्तक निघालें, ही गोष्ट चांगलीच झाली. पण आठ वर्षांच्या लेंकराला जिल्हा एकदां दाखवायचा आणि पुढें समज आल्यावर त्याचें नांव काढायचें नाहीं, ही कसली रीत?

इतकें ऐकून घरच्या इतिहासाचा पक्ष खूष होईल. त्यानें थोडें थांबावें. गांवाच्या वेशीपाशींच थांबणारा मास्तर मुलांना फसवितो, असेंहि आमचें मत आहे.

पांढरीभोंवतालची काळी पाहा. तिच्यांत कापूस उभा आहे. 1853 सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें तेव्हां इंग्रजांची एक नजर ह्या काळीवर होती. 1861 सालीं अमेरिकेंत उत्तर आणि दक्षिण ह्यांच्यांत यादवी माजली. दक्षिणेंत गुलामांच्या हातून पिकविलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस जात असे; उत्तरेच्या आरमारानें बंदरें कोंडलीं आणि तो अडला. गिरणीवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे धांव घेतली. इकडे भाव असा चढला कीं शेतकऱ्यानें ज्वारी आवरून सरकी टोबली. 1865 सालीं युद्ध संपलें, तिकडचे गुलाम कायद्यानें मोकळे झाले, अमेरिकेचा कापूस पुन्हां निघाला, आणि इकडचा भाव बसला. 1867 सालीं आगगाडी नागपुरास पोंचली, 1870 सालीं खामगांवचा फांटा झाला. ज्या गाडीनें रुई गेली तिच्याच परतीच्या डब्यांतून विलायती कापड आलें आणि कोष्ट्याचा माग थंडावला. भाव कां चढला आणि कां पडला हें मुंबईच्या व्यापाऱ्याला तारेनें कळत होतें. शेतकऱ्याला तें कोणी सांगत नव्हतें. तो कपाळाला हात लावून नशिबाला बोल देत होता. आतां सांगा, हा इतिहास वऱ्हाडचा कीं अमेरिकेचा?

जोतीराव फुल्यांना हें पुरतें उमगलें होतें. 1869 सालीं त्यांनीं शिवाजीराजांचा पवाडा रचला, आणि 1873 सालीं 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेंत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुण्याच्या माळ्याला रायगडहि जवळचा होता आणि अमेरिकाहि. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना त्यांनीं शेतकऱ्याच्या मुलांसाठीं मोडी, बाळबोध, हिशेब आणि शेतीची माहिती मागितली, तसाच सामान्य इतिहास आणि भूगोलहि मागितला. खेड्यांतल्या पोराला गांवापुरतें ज्ञान बस, असें ते म्हणाले नाहींत. असें म्हणणारे त्या वेळीं दुसरेच होते आणि त्यांचीं स्वतःचीं पोरें इंग्रजी शाळेंत जात होतीं.

आजची गोष्ट त्याहून फार निराळी नाहीं. नववींतून जगाचा इतिहास गेला. 2018 पासून दहावीला इतिहास कसा लिहितात तें शिकवितात, विषय वाईट नाहीं. युरोपाच्या वसाहती आणि महायुद्धें 2020 च्या बारावीच्या पुस्तकांत आहेत. पण बारावीला इतिहास घेतो कोण? जो दहावीनंतर आय.टी.आय.ला गेला, ज्या मुलीला दहावीनंतर वेचणीला लावलें, त्यांच्यापर्यंत जग पोंचलेंच नाहीं. आणि जग तर त्यांच्या धुऱ्यावर येऊन उभें आहे! 2025 च्या ऑगस्टांत सरकारनें परदेशी कापसावरील 11 टक्के आयातशुल्क उठविलें आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत चालविली, म्हणजे ऐन नवा कापूस घरीं येण्याच्या वेळीं. ज्या घरांत 1865 चा धडा झाला असेल त्या घराला ह्या बातमीचा अर्थ दुसऱ्याकडून विचारावा लागणार नाहीं.

राजांच्या जयंतीला वर्गणी आम्हीहि देतों. पण कर्णे लावून रात्रभर नाचल्यानें इतिहास येत असता तर आमच्या तालुक्यांत पंडितच पंडित झाले असते.

पुस्तकें मुंबई-पुण्यास बनतात. तीं बदलेपर्यंत आमचीं पोरें मोठीं होतील. म्हणून आम्हीं आमच्यापुरतें असें ठरविलें आहे कीं, सीतादही झाल्यावर वरच्या वर्गांतल्या मुलांना पांढरीवर न्यायचें (खापर उचलून खिशांत घालायचें नाहीं, ह्या अटीवर), आणि दुसऱ्या दिवशीं वर्गांत जगाचा नकाशा टांगून त्यावर लँकेशायर, अमेरिका आणि खामगांव एका दोऱ्यानें जोडायचीं. ह्यासाठीं वाचकांकडे एक मागणें आहे. आज्या-पणज्याच्या काळची कापसाची काटापट्टी, सावकाराचा कागद, मोडींतला सारापावतीचा तुकडा, मोडक्या मागाचा धोटा, असें कांहीं कोणाच्या माळ्यावर पडलें असेल तर तें चुलींत घालूं नये. मुलाबरोबर एक दिवस शाळेंत पाठवावें. आम्ही पाहून, उतरून घेऊन, त्याच संध्याकाळीं परत करूं.