लग्नाचा व्हिसा आणि कामाचा प्रवास : फक्त दिवस मोजून भागत नाही

बडोद्यातल्या मराठी घरांना अमेरिका आता परकी राहिलेली नाही. दांडिया बाजार असो की अलकापुरी, कुणाची लेक न्यू जर्सीत, कुणाची सून टेक्सासमध्ये, तर कुणाचा मुलगा कॅलिफोर्नियात. यांतल्या अनेकांचे तिथले वास्तव्य लग्नाच्या नात्यावर आधारलेले आहे. हल्ली मंडळाचा कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की एक प्रश्न हमखास निघतो : नोकरीसाठी सारखे देशाबाहेर जावे लागते, त्यामुळे व्हिसा किंवा ग्रीन कार्ड अडचणीत येईल का?

या प्रश्नाला धार आली ती २०२५ साली. मार्चमध्ये उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी जाहीरपणे सांगितले की, ग्रीन कार्डधारकाला अमेरिकेत राहण्याचा अमर्याद हक्क नाही. ऑगस्टमध्ये विवाहावर आधारलेल्या अर्जांची छाननी अधिक कडक करणाऱ्या सूचना निघाल्या. १९ सप्टेंबरला नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावणारी घोषणा झाली. जुन्या व्हिसाधारकांना ती लागू नाही हा खुलासा होईपर्यंत किती घरांची झोप उडाली, ते आपण पाहिलेच. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची तपासणी सुरू झाली, आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ग्रीन कार्डधारकाने किती काळ बाहेर राहावे, याचे मूळ नियम या वर्षात बदललेले नाहीत. कायदा जुनाच आहे, तपासणी मात्र कडक झाली आहे. पूर्वी विमानतळावर कुणी विचारत नव्हते ते आता विचारले जाते. म्हणून घबराटीपेक्षा नियम समजून घेणे जास्त उपयोगाचे.

आपण नेमके कुठल्या पायरीवर आहोत?

‘लग्नाचा व्हिसा’ असे आपण सरसकट म्हणतो, पण त्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि प्रवासाचे परिणामही वेगळे.

पहिली पायरी एच-४ची. जोडीदार एच-१बीवर असतो आणि याचे सगळे त्याच्या नोकरीवर अवलंबून असते. यात बाहेर किती दिवस राहिलो हा मुख्य प्रश्न नसतो. पासपोर्टवरचा शिक्का संपला असेल तर परत जाण्याआधी नवा घ्यावा लागतो, खरी अडचण ती असते. सप्टेंबर २०२५ पासून असे अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावेत, असे अमेरिकेने सांगितले आहे. कामाच्या दौऱ्यात वाटेतल्या एखाद्या देशात शिक्का मारून घेण्याची सोय त्यामुळे जवळपास संपली. शिवाय एच-४वरच्या कामाच्या परवान्याला नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना मिळणारी आपोआप मुदतवाढ ३० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना मिळत नाही. परवाना संपला आणि नवा आला नाही, तर काम थांबवावे लागते.

दुसरी पायरी म्हणजे अमेरिकेतच राहून ग्रीन कार्डचा अर्ज केला आहे आणि निकाल यायचा आहे. ही सगळ्यांत नाजूक अवस्था. प्रवासाची आगाऊ परवानगी न घेता देशाबाहेर गेलो, तर अर्ज सोडून दिला असे धरले जाते. एच-१बी, एल-१ आणि त्यांच्या अवलंबितांना वैध दर्जावर परतताना यातून सूट आहे, इतर बहुतेकांना नाही. ‘ऑफिसने दोन दिवसांसाठी लंडनला पाठवले’ हे कारण इथे चालत नाही.

तिसरी पायरी ग्रीन कार्डची. कार्ड मिळाले तेव्हा लग्नाला दोन वर्षे झाली नसतील, तर ते सशर्त आणि दोनच वर्षांचे असते. शेवटच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. फिरतीची नोकरी असलेल्यांनी ही तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. ती चुकली तर दर्जाच धोक्यात येतो.

सहा महिन्यांचा गैरसमज

‘सहा महिन्यांतून एकदा जाऊन यायचे, बाकी काही होत नाही’ हा सल्ला आपल्याकडे एका घरातून दुसऱ्या घरात फिरत असतो. तो अर्धाच खरा आहे.

सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलो, तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी चौकशी होऊ शकते. नागरिकत्वासाठी लागणारे सलग वास्तव्यही तुटले असे मानले जाऊ शकते. एक वर्ष ओलांडले तर नुसते कार्ड परतीला चालत नाही. त्यासाठी जाण्याआधी, अमेरिकेत असतानाच, पुनःप्रवेश परवान्याचा अर्ज केलेला असावा लागतो. इथवर सल्ला बरोबर आहे.

पण वर्षातून दोनदा आठवडाभर जाऊन उरलेला काळ इथे राहणाऱ्याला कार्ड टिकेल अशी खात्री नाही. कायदा विचारतो : तुमचे घर कुठे आहे? अमेरिकेतले वास्तव्य कायम ठेवण्याचा तुमचा इरादा कशावरून दिसतो? विमानाची तिकिटे हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

नागरिकत्वाचा हिशेब आणखी वेगळा आहे. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल आणि दोघे तीन वर्षे एकत्र नांदत असतील, तर तीन वर्षांनी अर्ज करता येतो. पण त्यांपैकी १८ महिने, म्हणजे साधारण ५४८ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. समजा, आपली मुलगी दर तिमाहीला आठ आठवडे कामासाठी बाहेर असते. एकही दौरा सहा महिन्यांच्या जवळपास जात नाही. तरी वर्षाचे २२४ आणि तीन वर्षांचे ६७२ दिवस बाहेर गेले. अमेरिकेत राहिले ४२३ च्या आसपास. अट पुरी होत नाही. दौरे पाच आठवड्यांचे असते तर ६७५ दिवस भरले असते. जाण्याचा आणि परतण्याचा दिवस अमेरिकेतलाच धरतात, म्हणून तारखांची वही अचूक ठेवली तर फायदाच होतो.

घराचा पुरावा

घर कुठे आहे हे कागद सांगतात. दोघांच्या नावचे भाडेपत्र किंवा गृहकर्ज, संयुक्त बँक खाते, आरोग्य विमा, आणि रहिवासी म्हणून भरलेला अमेरिकी कर. कर वाचवण्यासाठी स्वतःला तिथे अनिवासी दाखवणे म्हणजे कार्ड सोडल्याचा पुरावा स्वतःच्या हाताने लिहून देणे. इकडे आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात भरले तर आपले आयकर खातेही तुम्हाला निवासी मानते, हेही विसरू नये. दौरा कंपनीचाच होता हे सांगणारे पत्र प्रत्येक वेळी जपून ठेवावे.

विमानतळावर आय-४०७ हा अर्ज पुढे केला गेला तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : कार्ड परत करण्याची ती स्वेच्छेची सही आहे. ती करण्याची सक्ती नाही. सही न करता इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडण्याची मागणी करता येते.

स्थळ पाहताना

हा सगळा हिशेब शेवटी एका प्रश्नाशी येऊन थांबतो, आणि तो आपल्या, म्हणजे घरातल्या मोठ्यांच्या, हातातला आहे. स्थळ पाहताना आपण पगार, घर, गाडी विचारतो. मुलाचा किंवा मुलीचा व्हिसा कुठल्या पायरीवर आहे, नोकरीत फिरती किती आहे, लग्नानंतर अवलंबित जोडीदाराला काम करता येईल का, हे विचारायला संकोचतो. हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. जो अवलंबित दर्जावर जाणार आहे, त्याची दोन-चार वर्षे या उत्तरांवर ठरणार असतात.

आणखी एक. पासपोर्ट, कार्ड, अर्जांच्या पावत्या, करपत्रे यांच्या प्रती ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात. जोडीदार महिनोन् महिने दौऱ्यावर आहे आणि संयुक्त अर्जाची मुदत जवळ आली, अशा वेळी कागद कपाटात कुलूपबंद असून उपयोग नाही. दुर्दैवाने नाते तुटले किंवा घरात छळ झाला, तर सशर्त कार्डधारकाला एकट्याने आय-७५१ करण्याची तरतूद कायद्यात आहे. लग्न प्रामाणिकपणे केले होते हे मात्र सिद्ध करावे लागते. तिथेही हेच कागद कामाला येतात. आपल्या मुलींना ही तरतूद माहीत असायलाच हवी. ती सांगितल्याने अपशकुन होत नाही.

प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असते, तेव्हा लांबच्या दौऱ्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. ओळखीतल्या कुणाचे निभावले म्हणून आपलेही निभावेल, असे मात्र धरू नये.