चुकलेल्या उत्तराचा पाठलाग

विज्ञानकथेवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा पहिला भाग लिहिणे हे अवघड काम आहे. प्रेक्षकाला अपरिचित जगात न्यायचे असते. त्या जगाची माहिती सांगत बसले की नाट्य संपते, आणि काहीच सांगितले नाही तर प्रेक्षक गोंधळतो. बहुतेक मालिका ही अडचण देखाव्यांच्या भव्यतेने झाकू पाहतात. दूरदर्शनवर 1998 मध्ये आलेल्या 'कॅप्टन व्योम'ची मांडणी तुरुंगातून निसटलेले बारा गुन्हेगार आणि त्यांच्या मागावर निघालेला एक वीर अशी होती. मिलिंद सोमण यांचा तो वीर मुलांना आवडला, आणि त्या काळच्या साधनांच्या मानाने तो प्रयत्न धाडसाचाही होता. परंतु वीर कोण आणि शत्रू कोण हे एकदा ठरले की प्रेक्षकाने विचारावा असा प्रश्न फारसा उरत नाही.

या दृष्टीने बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या मालिकेचा पहिला भाग आजही अभ्यासण्यासारखा आहे. तो 23 नोव्हेंबर 1963 रोजी प्रक्षेपित झाला. आदल्याच दिवशी अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी हा भाग पुन्हा दाखवण्यात आला. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा 27 वर्षांच्या होत्या. दिग्दर्शक वारिस हुसेन अवघे 24 वर्षांचे होते, आणि त्यांचा जन्म लखनौचा! पुढे अर्धशतकाहून अधिक काळ नावारूपाला राहिलेल्या या ब्रिटिश मालिकेची पायाभरणी एका भारतीय वंशाच्या तरुणाच्या हातून झाली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

सुमारे 25 मिनिटांच्या या भागाचे नायक कोणी अंतराळवीर नव्हेत. ते लंडनमधील एका शाळेचे दोन शिक्षक आहेत. बार्बरा इतिहास शिकवते आणि इयन विज्ञान. दोघांनाही सुझन नावाच्या एका विद्यार्थिनीने बुचकळ्यात टाकले आहे. फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक चाळून ती यातले अमुक खरे नाही असे सहज म्हणते. गणितात तीन मिती पुरत नाहीत, काळ ही चौथी आणि अवकाश ही पाचवी हवी, असा तिचा हट्ट असतो. आणि हीच हुशार मुलगी एका पौंडात किती शिलिंग हे सांगताना अडखळते. दशमान नाणी अजून यायची आहेत हे आपण विसरलो, असे ती म्हणते. ब्रिटनमध्ये ती आली 1971 मध्ये. म्हणजे लेखकांनी आठ वर्षे आधीच भविष्याचा एक तुकडा वर्गात आणून ठेवला होता. आपल्याकडे 1 एप्रिल 1957 रोजी नवे पैसे आले. त्यानंतर कितीतरी वर्षे हिशेब नव्या पैशांत आणि बोलणे आण्यांत अशी ओढाताण ज्यांनी बाजारात अनुभवली, त्यांना सुझनची चूक मुळीच परकी वाटणार नाही.

या भागाचे खरे बळ येथे आहे. अवकाश आणि काळ यांचे अद्भुत येथे वहीतल्या चुकलेल्या उत्तरातून आत येते. शिक्षक त्या चुकीवर लाल रेघ मारून मोकळे होत नाहीत. ही चूक अज्ञानाची नाही, वेगळ्याच कुठल्यातरी ज्ञानाची आहे, एवढे त्यांना उमगते आणि ते मुलीच्या घरचा पत्ता शोधत निघतात. पत्त्यावर सापडते भंगाराचे आवार आणि पोलिसांची एक निळी पेटी. पेटीचे दार उघडते, तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी मोठी जागा असते.

खानदेशातील शिक्षकाला हा पाठलाग विचारात पाडणारा आहे. घरी अहिराणी बोलणारे मूल निबंधात 'मला'च्या जागी 'माले' लिहिते, 'आहे'च्या जागी 'शे' लिहिते. ते मूल चुकत नसते. ते दुसऱ्या एका भाषेचे व्याकरण अचूक पाळत असते. पण किती वर्गांत या उत्तराचा पत्ता शोधला जातो? साठ मुलांच्या वर्गात, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामे अंगावर असलेल्या शिक्षकाकडे तेवढी सवड नसते, हेही खरे.

प्रश्नाने सुरुवात करण्याची ही रीत या प्रदेशाला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तेथे मठ स्थापला आणि 1207 मध्ये त्याला दान मिळाले. त्या ग्रंथांतील 'लीलावती'त एक उदाहरण आहे: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या तळाशी बीळ आहे आणि सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतो आहे. दोघे सारखेच अंतर कापणार असतील, तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठील? उत्तर बारा हात. काटकोन त्रिकोणाचा नियम आठवण्यापूर्वीच विद्यार्थ्याचा जीव त्या झडपेत गुंतलेला असतो. मालिकेच्या पहिल्या भागाला याहून वेगळे काय साधायचे असते?

तथापि या भागाचे दोषही लहान नाहीत. शेवटच्या टप्प्यात, इतका वेळ चाणाक्ष असलेले शिक्षक केवळ घाबरण्यापुरते उरतात. यंत्राच्या उड्डाणाचे प्रकाशखेळ गरजेपेक्षा लांबतात. यापेक्षा गंभीर दोष खुद्द डॉक्टरच्या स्वभावात आहे. पेटी आतून मोठी कशी, हे शिक्षकांना समजत नाही, तेव्हा हा ज्ञानी म्हातारा त्यांची तुलना पहिली आगगाडी पाहून तिला भास समजणाऱ्या 'रानटी' रेड इंडियनाशी करतो. न समजलेल्या गोष्टीमागे जाणाऱ्या शिक्षकांचे ज्या कथेत कौतुक झाले, तिच्यातच न समजणाऱ्याची अशी हेटाळणी व्हावी, हा विरोध लेखकांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. पहिले चित्रण पसंत न पडल्याने बीबीसीचे नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांनी हा भाग पुन्हा चित्रित करवला. त्यात डॉक्टर पूर्वीपेक्षा मवाळ झाला, पण प्रक्षेपित भागात ते वाक्य आहेच. पुढचे तीन भाग तर अश्मयुगातील टोळीवर खर्ची पडतात. अग्नी कोणाच्या हाती असावा यावर गुहेतील माणसे भांडत राहतात आणि आधुनिक माणसे त्यांच्या तावडीतून सुटण्याची वाट शोधतात.

ही नजर खानदेशाला जुनी ओळखीची आहे. 1825 मध्ये जेम्स औट्रम याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली, तेव्हापासून सातपुड्यातील माणसांविषयी साहेबांनी लिहिलेल्या कागदांत हाच सूर वारंवार ऐकू येतो, आणि साहेब गेल्यावर तो आपल्या सुशिक्षितांच्या बोलण्यात उतरला. शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील एखादी पावरा मुलगी हा भाग पाहील, तेव्हा पहिली पंधरा मिनिटे तिला आपण सुझनच आहोत असे वाटेल. डॉक्टरचे ते वाक्य येईल, तेव्हा या गोष्टीत आपली जागा कोणती, हे तिला नव्याने ठरवावे लागेल.