झेड-४ की सायबरस्टर? मुळशीच्या रस्त्यांवर रोज चालवायला कोणती स्पोर्ट्स कार बरी?

शनिवार-रविवारी चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, पिरंगुट ओलांडून ताम्हिणीकडे निघालेल्या गाड्यांमध्ये एखादी बुटकी, दोन सीटची, छत उघडलेली स्पोर्ट्स कार हमखास दिसते. रीलमध्ये तिचा वेग दिसतो. पण हीच गाडी सोमवारी हिंजवडीच्या ऑफिसला न्यायची असेल तर? हिंजवडीचं आयटी पार्कही मुळशी तालुक्यातच आहे. म्हणजे एकाच तालुक्यात घाटही आहे आणि ट्रॅफिक जॅमही.

२०२५ मध्ये भारतीय बाजारात उघड्या छताच्या दोन गाड्यांची चर्चा झाली. एप्रिलमध्ये बीएमडब्ल्यू झेड-४ची नवी आवृत्ती आली, तर जुलैमध्ये एमजीची इलेक्ट्रिक सायबरस्टर. दोन्ही परदेशातून तयार होऊन येतात. मग रोजच्या वापराला यातली कोणती बरी?

कागदावर कोण पुढे?

झेड-४मध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे, ताकद ३४० पीएस. शून्यावरून १०० किमीचा वेग गाठायला साडेचार सेकंद. सायबरस्टरची ताकद ५१० पीएस आणि तोच वेग ३.२ सेकंदांत. बाजारात आल्या तेव्हा झेड-४ची एक्स-शोरूम किंमत साधारण ९७ लाख होती, सायबरस्टरची ७५ लाख.

म्हणजे सायबरस्टर स्वस्तही आणि वेगवानही. पण केंद्र सरकारच्या २०१८च्या अधिसूचनेनुसार शहरातल्या आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर कारची कमाल वेगमर्यादा ताशी ७० किमी आहे. त्यामुळे या सव्वा सेकंदाच्या फरकाचा इथे उपयोग शून्य.

खरी परीक्षा स्पीड ब्रेकरची

इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. या दोन्ही गाड्यांची पोटाखालची मोकळी जागा आहे जेमतेम ११ ते १२ सेंटिमीटर. निकषातला ब्रेकर पसरट असल्यामुळे त्यावरून गाडी निघून जाईल. पण गावच्या वेशीवर, शाळेसमोर रातोरात उभे राहणारे ब्रेकर अरुंद आणि उभट असतात. गाडी घासते ती तिथे.

यात झेड-४ थोडी सरस ठरते. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सायबरस्टरपेक्षा सुमारे २२ सेंटिमीटरने कमी आहे. अंतर जितकं कमी, तितका मधला भाग टेकण्याचा धोका कमी. शिवाय सायबरस्टरची बॅटरी तळाशीच आडवी बसवलेली असते. तिला जोराचा मार बसला तर खर्च मोठा.

घाटात काय होतं?

झेड-४चं वजन सोळाशे किलोच्या आसपास, सायबरस्टरचं जवळपास दोन टन. वळणावळणाच्या रस्त्यावर हलकी गाडी लवकर वळते आणि ब्रेकवर ताणही कमी येतो. दुसरीकडे, माणगावकडे उतरताना सायबरस्टरची मोटर वेग कमी करताकरता बॅटरी चार्ज करते, त्यामुळे ब्रेक कमी तापतात. मात्र बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर हा फायदा मिळत नाही. ओल्या रस्त्यावर सायबरस्टरच्या चारही चाकांना ताकद मिळते, झेड-४च्या फक्त मागच्या दोन चाकांना.

पण पावसाळ्यात दोघींचीही पंचाईत. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला होता. २०२५च्या पावसाळ्यात हिंजवडीतले तुंबलेले रस्ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. अशा दिवशी ११ सेंटिमीटरची गाडी घरी ठेवलेलीच बरी.

खिशाचं गणित

रोज ६० किमी प्रवास धरू. झेड-४ने लिटरला १२ किमी दिले, तर पाच लिटर पेट्रोल, म्हणजे पाचशेच्या वर रुपये. सायबरस्टरला तेवढ्यासाठी साधारण ११ युनिट लागतील. युनिट १० रुपये धरलं तर ११० रुपये.

खरा फरक करात आहे. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, इलेक्ट्रिकवर ५ टक्के. महाराष्ट्राने ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर प्रस्तावित केला होता, तो मार्च २०२५ मध्ये मागे घेतला. पेट्रोल गाड्यांच्या एकरकमी कराची कमाल मर्यादा मात्र २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. ७५ लाखांच्या दोन सीटच्या गाडीला ही सवलत असावी का, हा वादाचा मुद्दा आहे. पण घेणाऱ्याचा फायदा उघड आहे.

मग निवड कोणती?

रोजच्या हिंजवडीच्या गर्दीत सायबरस्टर परवडते: आवाज नाही, गिअर नाही, खर्च कमी. महिन्यातून दोनदा पहाटे ताम्हिणी गाठायची असेल तर हलकी झेड-४ जास्त आनंद देईल.

दोन्हींत एक गोष्ट मात्र सारखी आहे. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. पौड रस्त्यावर समोरून दुधाची बाइक येते, एसटी थांबते, शाळेतली मुलं रस्ता ओलांडतात. त्यांच्यासाठी ३४० पीएस काय आणि ५१० काय, दोन्ही सारखेच. म्हणून टेस्ट ड्राइव्ह घ्यायचीच असेल तर शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. पिरंगुटच्या गर्दीत संध्याकाळी सहा वाजता घ्यावी.