गाडीला वळण हवं

माणसाला वळण नसलं तर लोक त्याच्या आईबापांना नावं ठेवतात. गाडीला वळण नसलं तर मात्र तिची हॉर्सपॉवर विचारतात! हा अन्याय मी बरीच वर्षं मुकाट्याने सोसला. पण गेल्या वर्षी पुतण्याकडे इंग्लंडला गेलो आणि माझा संयम संपला.

पुतण्या कॉव्हेंट्रीत असतो. त्याच्याकडे एक लाल गाडी आहे. 'हॉट हॅचबॅक' म्हणतात तिला. म्हणजे रूप गरीब गाईचं, पाच दारं, मागे भाजीच्या पिशव्या टाकायला जागा, आणि अंगात मात्र वारं शिरलेलं. दोनशे हॉर्सपॉवर, अठरा इंची चाकं आणि ओसरीवरच्या तक्क्याएवढे रुंद टायर.

ही गाडी घेऊन चिरंजीव रविवारी 'ऑटोटेस्ट'ला जातात. मला वाटलं, आरटीओची परीक्षा असेल. तर तसं नव्हे. एका मोकळ्या आवारात शंकू मांडून ठेवतात आणि एकेकाने घड्याळ लावून त्यांच्यामधून गाडी काढायची. या शंकूला वळसा, त्या दोघांमध्ये शिरा, उलटे बाहेर या. सगळा कारभार पहिल्या गिअरमध्ये नाहीतर रिव्हर्समध्ये. शंकूला धक्का लागला की दंडाचे सेकंद. थोडक्यात, आमच्या सदाशिव पेठेत लोक जे रोज फुकट करतात, ते तिथे फी भरून करतात.

पुतण्याचा नंबर शेवटून पहिला आला. त्याच्या आधी कोण? एक आजोबा! जुन्या मिनीतून आले होते. ही मिनी 1959 साली निघाली, अ‍ॅलेक इसिगोनिस या गृहस्थाने आखलेली. तिच्या सगळ्या हॉर्सपॉवरी मोजल्या तरी पुतण्याच्या एका सिलिंडरात मावल्या असत्या. पण आजोबा शंकूभोवती असे फिरले, जशी सुगरण बाई पोळपाटावर लाटणं फिरवते. आमचे चिरंजीव तिथे पुढे, मागे, पुन्हा पुढे. अरुंद जिन्यातून कपाट उतरवताना हमाल करतात तसं.

घरी येताना चिरंजीव म्हणाले, "काका, अजून तीस हॉर्सपॉवर हव्यात. एक जण लॅपटॉप जोडून वाढवून देतो. पाचशे पौंड."

मी म्हटलं, "अरे, बोहल्यावर उभं राहायला जागा नाही आणि तू वरातीला आणखी घोडे सांगतोस?"

मग मी खडू घेऊन खाली उतरलो. स्टीअरिंग टोकापर्यंत पिळून गाडी एक चक्कर फिरवली आणि टेपने मोजलं. 11 मीटर 40 सेंटिमीटर! आता ऐका. 1959 सालीच याच कॉव्हेंट्रीतून ट्रायम्फ हेरल्ड निघाली. ती 25 फुटांत, म्हणजे साडेसात मीटरच्या जरा वर, पुरी फिरायची. लंडनच्या काळ्या टॅक्सीची ख्यातीही तीच, 25 फूट, आणि त्या टॅक्सीही वर्षानुवर्षं याच गावात बनल्या. हीच हेरल्ड पुढे मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून बनू लागली आणि आमच्या वडिलांनी एक घेतली. बोळाच्या तोंडाशी ते ती एका हाताने वळवीत, दुसऱ्या हातात पानाचा विडा. त्या गावात राहून माझा पुतण्या चार वेळा पुढे-मागे करतो, याला काय म्हणावं?

कारण सोपं आहे. हेरल्डची पुढची चाकं फक्त वळायची, ओढण्याचं काम मागच्यांचं. हल्लीच्या या गाड्यांत पुढच्याच चाकांनी ओढायचं आणि वळायचंही. नोकरीही सुनेचीच, स्वयंपाकही तिचाच! चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा ठरावीक कोनापलीकडे वाकत नाही. त्यात 'हॉट' दिसण्यासाठी रुंद टायर घातले, की ते मडगार्डच्या आतल्या अंगाला घासतात. मग कारखानदार काय करतो? काही गाड्यांत स्टीअरिंगच्या रॅकवर टोकाला बांगडीसारखी एक कडी चढवतो, म्हणजे चाक फार वळूच नये. साधी गाडी बरी वळते, तिची महागडी बहीण वळत नाही. जास्त पैसे मोजून आपण कमी वळण विकत घेतो!

चार अंशांची तर गोष्ट. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर धरा. बाहेरचं चाक 26 अंश वळलं तर ढोबळ हिशेबाने वर्तुळ साडेअकरा मीटरच्या आत-बाहेर. तेच 30 अंश वळलं तर दहा मीटर. चार अंशांत जवळजवळ दीड मीटर, म्हणजे एक अख्खा शंकू आणि त्याचा दंड!

पुतण्याचे मित्र म्हणाले, "वळण कशाला? हॅण्डब्रेक ओढला की मागची चाकं घसरतात आणि गाडी फिरते." फिरते ना! पण दोन शंकूंच्या बेचक्यातून उलटं निघताना तो ओढून काय करणार? आणि जरा जास्त ओढला की इंजिन बंद. वळण नसलेल्याला फटका मारून वळवायचं, ही पंतोजींची पद्धत. ती शाळेतसुद्धा चालली नाही.

शेवटी पाचशे पौंड वाचले. पुतण्याने पंधरा इंची अरुंद टायरांची जुनी चाकं आणली, बाहेर काढणारे स्पेसर टाकून दिले, आणि रॅकवरची कडी उतरवली. मी मात्र हट्टाने एक अट घातली. आधी गाडी जॅकवर, चाक दोन्हीकडे टोकापर्यंत, मग गाडी खाली दाबूनही तेच. टायर ब्रेकच्या नळीला लागतो का, सांधा कटकटतो का, बोट घालून पाहायचं. वळण लावावं, मोडू नये. रॅकचा अडसर मुळापासून कापून टाकणारे महाभाग असतात. त्यांची गाडी एक दिवस खरोखर एकाच दिशेला वळते, गॅरेजच्या.

पुन्हा खडू, पुन्हा टेप. 10 मीटर 60. पुढच्या रविवारी चिरंजीव मधल्या घोळक्यात आले. आजोबा अर्थात पुढेच होते, पण या खेपेला त्यांनी बोट उंचावून दाद दिली.

तिकडे गाडीत काहीही बदललं की विमा कंपनीला कळवावं लागतं. पुतण्याने फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "बदलामुळे शक्ती वाढली का?" "नाही." "वेग?" "नाही." "मग वाढलं काय?"

पुतण्याने माझ्याकडे पाहिलं. आता यांना इंग्रजीतून 'वळण' कसं सांगायचं?