परीक्षेचा ताप आणि खरे सर्टिफिकेट

गणपती उठले, पितृपंधरवडा सरला की लालबाग-परळच्या दवाखान्यांत दोन प्रकारचे तरुण पेशंट येऊ लागतात. पहिल्याच्या अंगात ताप असतो आणि पेपर दोन दिवसांवर आलेला असतो. दुसऱ्याच्या अंगात काहीच नसते, पण हजेरी भरलेली नसते किंवा प्रोजेक्ट पुरे झालेले नसते. पहिला म्हणतो, "डॉक्टर, इंजेक्शन द्या, सलाईन लावा, पण मला पेपरला बसवा." दुसरा म्हणतो, "डॉक्टर, काहीही लिहा, फक्त तारीख मागची टाका." म्हणजे ज्याने घरी पडून राहायला हवे तो परीक्षेला निघालेला असतो आणि जो धडधाकट आहे तो आजारी व्हायला आलेला असतो. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे वरवर वाटते. माझ्या मते फार जवळचा संबंध आहे.

मुंबईची ही कहाणी आपल्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची बहुतेक कॉलेजे मुंबई विद्यापीठालाच जोडलेली आहेत. शिवाय बारावी झाली की आपल्यातली कितीतरी मुले मामाकडे, काकांकडे चाळीतल्या खोलीत राहून परळच्या एम. डी.ला नाहीतर दादरच्या कीर्तीला जाऊ लागतात. आईवडील गावाला, मुलगा तिथे. ताप आला की फोनवर पहिला प्रश्न येतो तो "पेपर कधी आहे?" हाच.

आधी तापाचे बोलू. सप्टेंबर-ऑक्टोबर हे डेंग्यूचे दिवस, आणि नेमक्या त्याच सुमाराला पहिल्या सत्राच्या परीक्षा येतात. डेंग्यूत तीन-चार दिवस सणकून ताप येतो, हाडे मोडल्यासारखी दुखतात, डोळ्यांच्या मागे ठणकते. मग ताप उतरतो. घरच्यांना हायसे वाटते, मुलगा पुस्तक हातात घेतो. आणि या आजाराची खरी मेख इथेच आहे. ताप उतरल्यानंतरचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास हेच डेंग्यूतले सर्वांत जपण्याचे तास. काही पेशंटमध्ये या वेळी बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बाहेर जाते, रक्त घट्ट होते आणि रक्तदाब खाली येऊ लागतो. माणूस शुद्धीवर असतो, बोलत असतो, "बरे वाटते" असेही म्हणतो. नाडी मात्र वेगळे सांगत असते. पोटात सतत दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, उगाच तगमग किंवा गळून जाणे, यातले एकही लक्षण दिसले तर इस्पितळ गाठायचे. प्लेटलेटच्या आकड्याकडे सारे घर डोळे लावून बसते, पण नुसता तो आकडा पुरेसा नाही. रक्त किती घट्ट झाले आणि रक्तदाब किती, हेही पाहावे लागते. तापासाठी पॅरासिटॅमॉल चालते. अंगदुखीसाठी शेजारच्याने दिलेली ब्रुफेन किंवा अॅस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अशा माणसाला सकाळच्या लोकलच्या गर्दीत घालायचे आणि अडीच-तीन तास बाकावर बसवायचे, हे कोणत्याही पेपरसाठी परवडणारे नाही. गुहागरकडचा एक मुलगा, वाणिज्य शाखेचा, आजाराच्या पाचव्या दिवशी माझ्याकडे आला. ताप नव्हता. हात बर्फासारखे होते. मामा सांगत होते, "डॉक्टर, मी टॅक्सीने नेतो, टॅक्सीने आणतो, तीन तासांचाच तर प्रश्न आहे." मी के.ई.एम.ला चिठ्ठी दिली आणि टॅक्सी तिकडे न्यायला सांगितली. दोन दिवस त्याला सलाईनवर ठेवावे लागले. पेपर अर्थात बुडाला. मामा महिनाभर माझ्याशी तुटकच बोलत होते.

हाताला सलाईन लावून पेपर लिहिणाऱ्या मुलाचा फोटो दर वर्षी कुठेतरी छापून येतो, खाली त्याच्या जिद्दीचे कौतुक असते. मला तो फोटो पाहून राग येतो. मुलाचा नाही, त्याला तिथवर आणून बसवणाऱ्या मोठ्या माणसांचा. कांजिण्या अंगावर घेऊन पेपरला गेलेली मुलेही मी पाहिली आहेत. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत कांजिण्या दुसऱ्याला लागतात. पर्यवेक्षिका बाई गरोदर असतील तर त्यांना ते केवढ्याला पडेल याचा विचार कोणी केलेला नसतो.

मग ही मुले रीतसर परीक्षा पुढे का मागत नाहीत? एक तर वर्ष वाया जाईल ही धास्ती. सत्र पद्धतीत एखादा पेपर राहिला तर तो पुढे देता येतो, ए.टी.के.टी. हा शब्द तर आता आजीलाही ठाऊक आहे. तरी धास्ती आहेच. दुसरे कारण जास्त बोचरे आहे. मागितली तरी कोणी विश्वास ठेवणार नाही, असे त्यांना वाटते. आणि ते फारसे खोटे नाही.

इथे तो मागची तारीख मागणारा दुसरा पेशंट येतो. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, ती भरली नाही की "टायफॉईड, पूर्ण विश्रांती" असा कागद कॉलेजच्या खिडकीत सरकवायचा, हा परिपाठ झाला आहे. असे कागद देणारे आमच्यातच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. एका नोटेत काम होते. एकेका वर्गातून असे गठ्ठेच्या गठ्ठे आल्यावर खिडकीतला कारकून ते न वाचता फाइलला लावतो, आणि त्या गठ्ठ्यात एखाद्याचा खरा डेंग्यूही दबून जातो. मी सही केलेले खरे सर्टिफिकेट एका कॉलेजने परत पाठवले, "सरकारी इस्पितळाचा शिक्का आणा" म्हणून. मुलगी कावीळीने पिवळीधमक झालेली. ती त्या शिक्क्यासाठी अर्धा दिवस बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभी राहिली. खोट्या कागदाची किंमत अशी तिसऱ्यानेच मोजायची.

मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत याबद्दल स्पष्ट लिहिले आहे. डॉक्टरने दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद वहीत ठेवायची, पेशंटची ओळखखूण लिहायची, प्रत जवळ ठेवायची. खोटे सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. ज्या दिवशी तपासले त्या दिवसाचीच तारीख पडते. "चार दिवसांपासून ताप असल्याचे पेशंट सांगतो" एवढे मी लिहू शकतो, चार दिवसांपूर्वी मी त्याला पाहिले असे लिहू शकत नाही. वाचकांनी हे एकदा समजून घेतले तर बऱ्याच डॉक्टरांची संध्याकाळची डोकेदुखी वाचेल.

आता एक नाजूक गोष्ट. गिरगावातली एक मुलगी, दुसऱ्या वर्षाची. अभ्यासात चांगली. परीक्षेच्या आधी तीन आठवडे तिची झोप गेली, जेवण सुटले, पुस्तक उघडले की छातीत धडधड आणि हाताला घाम. एक ओळ चार वेळा वाचूनही डोक्यात शिरेना. "मी नसले तर बरे" असे ती आईला एकदा म्हणाली, म्हणून आई तिला घेऊन आली. वडिलांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "डॉक्टर, परीक्षा पुढे मागू या, पण कागदावर टायफॉईड लिहा. उद्या लग्न व्हायचंय तिचं." वडिलांचा हेतू वाईट नव्हता. पण टायफॉईड लिहिला असता तर कॉलेजला टायफॉईड कळला असता, घरात टायफॉईड झाला असता, आणि पंधरा दिवसांनी "टायफॉईड बरा झाला, चल परीक्षेला" असेही झाले असते. खरा आजार कोणाच्याच हिशोबात धरला गेला नसता.

मी त्यांना सांगितले ते इथे सर्वांसाठी सांगतो. कॉलेजच्या सर्टिफिकेटवर आजाराचे नाव लिहिलेच पाहिजे असे दर वेळी नसते. "ही माझ्या उपचाराखाली आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत परीक्षेला बसण्यास प्रकृती योग्य नाही" एवढे पुष्कळदा चालते. मानसिक आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा पेशंटचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. झाकणे वेगळे आणि खोटे लिहिणे वेगळे. त्या मुलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले, औषधे सुरू झाली, दोन पेपर राहिले. जिवावर बेतले असेल, मुलगा किंवा मुलगी मरणाचे बोलत असेल, तर परीक्षेचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे, एकटे ठेवू नये. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते.

विद्यापीठाला परीक्षा पुढे ढकलणे जमत नाही असे मुळीच नाही. पावसाने लोकल बंद पडल्या की पेपर पुढे जातात आणि आकाश कोसळत नाही. २०२० साली तर कोरोनामुळे सबंध राज्याच्याच परीक्षा अडकल्या. राज्य सरकार अंतिम वर्षाच्या परीक्षा नकोत म्हणत होते, विद्यापीठ अनुदान आयोग सप्टेंबरअखेर घ्या म्हणत होता. २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो मला डॉक्टर म्हणून फार शहाणपणाचा वाटला: परीक्षेशिवाय पदवी नाही, पण साथीमुळे जमत नसेल तर राज्याने आयोगाकडे मुदत वाढवून मागावी. मुंबई विद्यापीठाने मग ऑक्टोबरमध्ये मुलांना घरी बसून ऑनलाइन परीक्षा देऊ दिली. माफी नाही, मुदत आहे. एका मुलाच्या आजारालाही हेच लावा, एवढेच माझे म्हणणे आहे. लाखो मुले एकदम अडचणीत आली की यंत्रणा हलते. के.ई.एम.च्या वॉर्डात किंवा सात रस्त्याच्या कस्तुरबा इस्पितळात एकटा पडलेला मुलगा मात्र "गैरहजर" असतो.

कॉलेज स्वतः घेते त्या परीक्षांत आजारी मुलांसाठी पुन्हा परीक्षेची सोय सहसा असते. स्वायत्त कॉलेजांचे नियम त्यांचे त्यांचे. विद्यापीठाच्या मोठ्या परीक्षेत मात्र आजारी पडलेला आणि नापास झालेला साधारणपणे एकाच रांगेत, पुढच्या सत्राची वाट पाहत उभे असतात. इस्पितळात दाखल असल्याचे कागद ज्याच्याकडे आहेत त्याला महिन्याभरात पेपर देता यायला हवा. बाळंतपणाचेही तसेच. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने सर्व शिक्षणसंस्थांना कळवले की विद्यार्थिनींसाठी बाळंतपणाच्या रजेचे नियम करा, हजेरीत सूट द्या, परीक्षेचा अर्ज भरायची मुदत वाढवून द्या. किती कॉलेजांच्या सूचनाफलकावर हे वाचायला मिळते?

पालकांनी आणि मुलांनी करायचे ते असे. आजारी पडल्याच्या दिवशीच कॉलेजला लेखी कळवा. मुलगा उठू शकत नसेल तर मामाने जावे. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, तोंडी सांगितलेले कोणाच्या लक्षात राहत नाही. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. हात प्लास्टरमध्ये असेल तर पेपर सोडण्याआधी लेखनिक मिळेल का हे विचारा. क्षयाच्या उपचाराखाली असलेल्या मुलाला परीक्षेला बसता येईल का, हे त्याच्या डॉक्टरलाच विचारावे. कित्येकांना बसता येते, आणि तसे लिहून देणे हेही डॉक्टरचेच काम आहे. जर्नल, प्रोजेक्ट, असाइनमेंट यांची मुदत वाढवून हवी असेल तर ती मुदत संपायच्या आधी मागा. आधी मागितली की ती विनंती असते, नंतर मागितली की सबब होते. किती दिवस हवेत तेही लिहा. "लवकरात लवकर देतो" या वाक्यावर कोणत्याही प्राध्यापकाचा विश्वास बसत नाही, माझाही बसला नसता.

आणि प्राचार्यांना एक विनंती. वेळापत्रक लावता त्याच काचेच्या पेटीत आणखी एक कागद लावा: आजारी पडल्यास कोणाला कळवायचे, किती दिवसांत, कोणते कागद आणायचे, पुन्हा परीक्षा केव्हा. माझ्या पाहण्यात असे एकच कॉलेज आले. तिथली मुले दवाखान्यात आली की तपासून घ्यायला येतात. आणखी एक मात्र त्या कागदावर हवे होते ते तिथेही नव्हते, डेंग्यू किंवा कावीळ झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेच्या आधी निदान पंधरा दिवस मोकळे मिळावेत. ताप जातो, पण दुसरा-तिसरा आठवडा मूल पुस्तकावर डोके टेकवून झोपते, आणि ते आळसाने नसते.